चाळीतला कांदा, पिशवीतला कांदा

‘लोकानुनय’ हा शब्द आपल्याकडे बहुधा शिवीसारखा वापरला जातो, आणि मतदार भोळा असतो हे त्यात गृहीतच असते. २०२४ मधला नगर जिल्ह्याचा अनुभव या गृहीतकाशी जुळत नाही.

अमेरिकेतल्या संरक्षणवादात बाहेरचा माल अडवला जातो. कांद्याच्या बाबतीत आपण आपलाच माल अडवला. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, ८ डिसेंबरपासून थेट बंदी. एप्रिलअखेर गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला वाट मिळाली, तेव्हा इथला गावरान कांदा चाळीत भरणाऱ्याला काय वाटले असेल! बंदी उठली ४ मे २०२४ ला, नगरच्या मतदानाआधी नऊ दिवस. तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून.

शरद जोशींची ‘इंडिया विरुद्ध भारत’ ही मांडणी इथे चटकन आठवते. शहराला स्वस्त अन्न मिळावे म्हणून शेतमालाचे भाव पाडणे हेच सरकारी धोरण आहे, असे ते चाकणच्या कांदा आंदोलनापासून सांगत आले. हे निदान निर्यातबंदीला आजही लागू पडते. ही रेषा भूगोलाची नाही, असेही ते बजावत. तरी त्यांच्या मांडणीत माणूस कोणत्या तरी एकाच बाजूला असतो, आणि सावेडीत नेमके तेच घडत नाही. नगर शहराच्या या उपनगरातली कितीतरी घरे पारनेर, नेवासे, पाथर्डीकडून आलेली. धाकटा इथे नोकरीला, थोरला गावी. प्रेमदान चौकात किलोभर कांदा पिशवीत टाकणाऱ्याचा भाऊ नेप्तीच्या उपबाजारात लिलावाला उभा असतो. भाव चढला तर इथे महिन्याला शंभर-दोनशे जास्त जातात. पडला तर गावाकडे सोसायटीचे कर्ज थकते. हा हिशेब घरात सगळ्यांना कळतो.

जूनमध्ये नीलेश लंके यांनी सुजय विखे पाटलांना सुमारे २९ हजार मतांनी हरवले. कांदा हे एकमेव कारण नव्हते, पण त्याला वगळून हा निकाल समजत नाही. पुढे ‘लाडकी बहीण’चे दीड हजार आले, सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर उतरले; आणि नोव्हेंबरमध्ये जिल्ह्यातल्या १२ पैकी १० जागा महायुतीने घेतल्या. पारनेरमध्ये लंके यांच्या पत्नीही हरल्या. मतदार विकला गेला, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो घाईचा आहे.

आकडे मांडून पाहू. पन्नास क्विंटल विकणाऱ्याला क्विंटलमागे ५०० रुपये कमी मिळाले, तर २५ हजार बुडाले. योजनेचे वर्षाचे होतात १८ हजार. म्हणजे भरपाई पुरी नाहीच. पण कांद्याची पट्टी बहुधा पुरुषाच्या नावावर फाटते, आणि ती अडत्याची उचल वळती होऊन हातात येते. दीड हजार बाईच्या खात्यात येतात, न कापता. एकाच घरातल्या या दोन रकमा वेगवेगळ्या माणसांच्या होत्या, आणि मतेही दोन होती.