तंटा कुणाचा?

नॉर्वेचे गुन्हेगारीशास्त्रज्ञ निल्स क्रिस्ती (१९२८–२०१५) सांगत, की लिहिताना आपली एखादी आवडती मावशी समोर बसली आहे असं समजा आणि तिला कळेल असं लिहा. ऑस्लो विद्यापीठात १९६६ साली ते या विषयाचे प्राध्यापक झाले, त्यानंतर जगभर नावाजले गेले. पण मावशीला त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या पुस्तकांत तक्ते कमी आणि माणसं जास्त. समाजशास्त्राची जड परिभाषा तर जवळजवळ नाहीच. आपल्याकडे कायदा शिकणाऱ्यांना ते भेटतात ते बहुधा एकाच लेखातून, १९७७ सालच्या ‘कॉन्फ्लिक्ट्स अ‍ॅज प्रॉपर्टी’मधून. जेमतेम पंधरा पानांचा लेख. तो सुटा वाचला की फार गोड वाटतो. मला तो त्यांच्या अगदी पहिल्या संशोधनाशेजारी ठेवून वाचायचा आहे, आणि मग आपल्या गावात नेऊन पाहायचा आहे.

ते पहिलं संशोधन गोड मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हजारो युगोस्लाव बंदी नॉर्वेतल्या छावण्यांत आणले. त्यांतले निम्म्याहून अधिक तिथेच मेले. उपासमारीने, आजाराने, गोळ्यांनी, मारहाणीने. १९४२-४३च्या सुमारास या छावण्यांवर नॉर्वेजियन तरुणही पहाऱ्याला होते. युद्ध संपल्यावर त्यांच्यातल्या काहींना खून आणि छळाबद्दल शिक्षा झाल्या. विशीतले क्रिस्ती या पहारेकऱ्यांना जाऊन भेटले. ज्यांनी अत्याचार केले त्यांना भेटले, आणि त्याच छावण्यांत राहून ज्यांनी केले नाहीत त्यांनाही.

दोन गटांत राक्षस आणि देव अशी विभागणी सापडेल, ही कुणाचीही अपेक्षा असणार. तशी ती सापडली नाही. फरक दिसला तो एका साध्या गोष्टीत. ज्यांनी हात उचलला नव्हता, त्यांचं बंद्यांशी काहीतरी बोलणं झालं होतं. कुणी त्यांना खिशातला बायकामुलांचा फोटो दाखवला होता. ज्यांनी मारलं, त्यांना समोर दिसत होती ती घाणीने माखलेली, अन्नावर तुटून पडणारी, भाषा न कळणारी कसलीतरी जमात. छावणीनेच बंद्यांना आधी तसं करून ठेवलं होतं, आणि मग ‘बघा, हे असलेच’ म्हणायला पहारेकरी मोकळे होते.

हे १९५२ साली छापून आलं तेव्हा नॉर्वेत फारशी खळबळ झाली नाही. क्रूरपणा जर्मनांचा किंवा मूठभर देशद्रोह्यांचा, ही समजूत देशाला सोयीची होती. ‘तुमच्या-माझ्यासारखेच’ हा निष्कर्ष कुणाला हवा होता? पुस्तकरूपाने ते यायला १९७२ साल उजाडलं.

पुढच्या साठेक वर्षांत क्रिस्तींनी जे लिहिलं ते मला या एकाच निरीक्षणाचा विस्तार वाटतं : माणूस दिसेनासा झाला की त्याला दुखावणं सोपं जातं. ‘लिमिट्स टू पेन’ (१९८१) या पुस्तकात ते भाषेकडे वळतात. तुरुंगव्यवस्था स्वतःच्या कामाचं नाव कधी घेत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. कोठडीची खोली होते, एकांतवासाचा उपचार होतो. हे काम म्हणजे माणसाला जाणूनबुजून वेदना देणं आहे, तर तसं म्हणा, आणि म्हणताना जीभ अडखळत असेल तर वेदना कमी द्या, असा त्यांचा सरळ हिशेब. आपल्याकडच्या खात्याचं नाव ‘कारागृह व सुधारसेवा’ आहे. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत असलेल्या ५,७३,२२० माणसांपैकी ४,३४,३०२ माणसांचे खटले अजून चालू होते. कच्च्या कैद्याला नेमकी कोणती सुधारसेवा मिळते, हे क्रिस्तींच्या मावशीने नक्की विचारलं असतं. ‘क्राइम कंट्रोल अ‍ॅज इंडस्ट्री’ (१९९३) जास्त गाजलं, पण मला ते तितकं टिकाऊ वाटत नाही. तुरुंग हा कच्च्या मालाची कधीच टंचाई न भासणारा उद्योग आहे, हा मुद्दा एकदा पटला की उरलेली पानं त्याचीच उदाहरणं होतात.

आता तो पंधरा पानांचा लेख. मूळ ते व्याख्यान. ३१ मार्च १९७६ रोजी शेफील्ड विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्राचं नवं केंद्र सुरू झालं, त्या प्रसंगी दिलेलं. आणि सुरुवातच अशी, की कदाचित असली केंद्रं उघडण्यापेक्षा बंद करावीत! मग ते श्रोत्यांना टांझानियातल्या अरुशा भागातल्या एका गावात नेतात. लग्न ठरून मोडलेलं एक जोडपं, देण्याघेण्याचा वाद, खच्चून भरलेलं घर. नातेवाईक, गावकरी सगळे बोलताहेत, हसताहेत, आठवणी काढताहेत, आणि न्यायाधीश जवळजवळ गप्प. वाद ज्यांचा, ते दोघे मधोमध. याउलट युरोपातल्या कोर्टात वादाचे खरे मालक कोपऱ्यात बसतात आणि त्यांच्या वतीने वकील बोलतात. वकिलांना क्रिस्ती चक्क चोर म्हणतात. सगळ्यांत जास्त लुबाडला जातो तो फिर्यादी. आधी गुन्हेगाराने लुटलेलं असतं. मग खटला सरकारचा होतो आणि स्वतःच्याच दुःखात त्याला साक्षीदारापुरती जागा उरते.

या लेखाचा परिणाम पुस्तकी राहिला नाही. नॉर्वेत १९८१पासून वाद समोरासमोर बसवून मिटवणारी मंडळं प्रयोगादाखल सुरू झाली आणि १९९१मध्ये त्यांचा कायदा झाला. मोडलेलं जोडू पाहणाऱ्या न्यायाची जी चळवळ पुढे अनेक देशांत पसरली, तिच्या मुळाशी असलेल्या लेखनात हा लेख हमखास मोजला जातो.

मराठी वाचकाला इथे ‘हे तर आपलंच’ असं वाटणं साहजिक आहे. शिवकाळातल्या गोतसभा आठवतात. १५ ऑगस्ट २००७ला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आठवते : ग्रामसभेने नेमलेली समिती, गावातले तंटे गावातच मिटवणं, पात्र गावाला रोख बक्षीस. मी अशा एका समितीच्या बैठकीला बसलो आहे. बांधाचा वाद अर्ध्या तासात मिटला, आणि सुरेख मिटला. दोन्ही भाऊ बोलले, रडले, चहा प्यायले. मग नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार आली. तक्रार करणारी बाई पारासमोर पदर सावरून खाली बसली होती. तिच्या बाजूने तिचा भाऊ बोलला, नवऱ्याच्या बाजूने चुलते. वडीलधाऱ्यांनी दोघांना समज दिली. दोघांना, हे लक्षात घ्या. कागदावर ‘आपसात मिटले’ असं लिहिलं गेलं, आणि तिने अंगठा नव्हे, चांगली वळणदार सही केली.

तिचा तंटा कुणी चोरला? त्या पारावर वकील तर एकही नव्हता.

क्रिस्तींसमोरची अडचण शेजार मेल्याची होती. नव्या शहरांत माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, मग तंटा परत द्यायचा तरी कुणाला, असं ते त्या लेखातच विचारतात. आपल्याकडे शेजार जिवंत आहे, तीन-तीन पिढ्यांचा आहे, आणि त्यात कुणाचं घर कुठे असावं हेही ठरलेलं आहे. छावणीतल्या पहारेकऱ्याला फोटो पाहून कळलं, की या माणसालाही मुलंबाळं आहेत. गावात मात्र कोण कुणाचा मुलगा हे सगळ्यांना पाठ असतं, आणि नेमक्या त्याच माहितीवर कुणी पारावर बसायचं आणि कुणी खाली हे ठरतं. ओळख झाली की हात थांबतो, हा क्रिस्तींचा आयुष्यभराचा विश्वास इथे तोकडा पडतो. वाळीत टाकणारे अनोळखी नसतात. ते सोयरे असतात, जातभाई असतात. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६मध्ये वेगळा कायदा करावा लागला तो यामुळेच. डॉ. आंबेडकरांनी १९३२ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात, ग्रामपंचायतींना न्यायदानाचे अधिकार देण्याला विरोध केला होता. जातीत विभागलेल्या गावातून निष्पक्ष पंच निघणार कसा, हा त्यांचा आक्षेप होता. क्रिस्तींच्या लेखावरचं सर्वांत कडक टिपण मला हेच वाटतं, आणि ते लेखाच्या पंचेचाळीस वर्षं आधीचं आहे.

पण म्हणून क्रिस्तींना भाबडे म्हणून बाजूला सारणंही अन्यायाचं होईल. लेखाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या कल्पनेतलं कोर्ट मांडलं आहे, आणि तो भाग क्वचितच कुणी उद्धृत करतं. कृत्य घडलं का आणि याच माणसाने केलं का, हे तिथे आधी ठरतं. मग फिर्यादीची स्थिती काय, तिला कुणाकडून काय मिळायला हवं, यावर सविस्तर विचार. शिक्षा त्यानंतर, आणि सर्वांत शेवटी आरोपीच्या गरजा. न्याय करणारे सगळे एकमेकांच्या बरोबरीचे हवेत. आणि एक अट : मोजक्या वेळा न्याय करायला बसलेल्याने, समाजातल्या बाकी सगळ्यांची पाळी होईपर्यंत पुन्हा बसायचं नाही.

चळवळीने गोलात मांडलेल्या खुर्च्या उचलल्या, ही अट उचलली नाही. ती आपल्या समित्यांना लावून पाहावी. अध्यक्ष बदलत राहील. पाटलांच्या मागून कातकरी वस्तीवरचा माणूस बसेल, त्याच्या मागून एखादी परित्यक्ता. बांधाचा वाद तेव्हाही अर्ध्या तासातच मिटेल. दुसरी तक्रार मात्र त्या दिवशी मिटायची नाही, कारण खाली बसलेल्या बाईला आधी वर बोलावून, भावाला थांबवून, तिलाच विचारावं लागेल, की तुला काय हवंय.