कच्चे मडके आणि घरची आण : महिपतींचा गोरा कुंभार आणि त्यांचा एक वेल्श समकालीन

तेरणेच्या काठी तेर येथे गोरोबाकाकांची समाधी आहे. धाराशिव जिल्ह्यातील लहानथोरांना त्यांच्या दोन कथा ठाऊक असतात. पहिलीत भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना स्वतःचे तान्हे मूल त्यांच्या पायाखाली येते. दुसरीत ते थापटण्याने जमलेल्या संतांची डोकी एकेक करून थोपटतात आणि नामदेवाचे मडके कच्चे असल्याचे सांगतात. पहिली ऐकताना आपल्या अंगावर शहारा येतो, दुसरी ऐकताना आपण हसतो. परंतु या दोन कथा एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत, असे मला महिपतींचा ‘भक्तविजय’ पुन्हा वाचताना तीव्रतेने जाणवले.

महिपती (१७१५–१७९०) राहुरीजवळील ताहराबादचे कुलकर्णी. पूजेतून उठवून सरकारी कामाला नेले गेल्यावर त्यांनी लेखणी यापुढे केवळ संतचरित्रासाठी वापरण्याची शपथ घेतली, अशी आख्यायिका आहे. ‘भक्तविजय’ १७६२ साली पूर्ण झाला. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी उदगीरजवळ मराठ्यांनी निजामाचा पराभव केला होता आणि पाठोपाठ पानिपतावर मराठ्यांची पिढीच्या पिढी कापली गेली होती. उदगीर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. म्हणजे युद्धाची धूळ आपल्या दारापर्यंत आली होती. अशा काळात महिपतींनी ५७ अध्याय लिहिले ते सरदारांवर नव्हे, तर कुंभार, शिंपी, माळी आणि दासी यांच्यावर. एका समाजाचे खरे सार्वजनिक जीवन कोठे असते, याविषयीचा त्यांचा निर्णयच या निवडीत दिसतो.

याच सुमारास, इंग्लंडात जॉर्ज नावाचे राजे एकामागून एक राज्य करीत असताना (१७१४–१८३०), त्या बेटाच्या पश्चिमेकडील वेल्स या डोंगराळ मुलखात असाच निर्णय दुसऱ्या एका कवीने घेतला. विल्यम विल्यम्स (१७१७–१७९१) हे त्यांचे नाव. लोक त्यांना त्यांच्या शेतवाडीच्या नावाने पांटीकेलिन म्हणत. महिपतींहून दोन वर्षांनी लहान, आणि मृत्यूही अवघ्या एका वर्षाच्या अंतराने. वेल्सला त्या वेळी ना स्वतःचा दरबार होता ना विद्यापीठ. न्यायालयाची भाषा सोळाव्या शतकापासून इंग्रजी होती आणि देशातला पहिला कायमचा छापखाना १७१८ साली निघाला. मात्र बायबल १५८८ पासून वेल्श भाषेत होते. ग्रिफिथ जोन्स या अँग्लिकन धर्मगुरूने १७३१ पासून फिरत्या शाळा काढल्या. हिवाळ्यात काही महिने एका गावी मुलांना आणि रात्री प्रौढांना मातृभाषेतून वाचायला शिकवायचे आणि मग पुढच्या गावी जायचे, अशी त्यांची रीत होती. १७६१ साली जोन्स निवर्तले, तोवर अशा तीन हजारांहून अधिक शाळा भरल्या होत्या. या नव्याने वाचू लागलेल्या शेतकऱ्यांसाठी पांटीकेलिन यांनी सुमारे नऊशे गीते रचली. मेथडिस्ट चळवळीत पडल्यामुळे त्यांना पुरोहितपदाची दीक्षा नाकारण्यात आली होती. महिपतींनी लेखणी सरकारातून काढून घेतली. पांटीकेलिन यांच्यासाठी पदाचे दारच बंद झाले. दोघांनाही उरला तो केवळ लोकांचा मेळा.

हा मेळा वेल्समध्ये ‘सेयाट’ या नावाने भरत असे. घरात वा गोठ्यात मोजकी माणसे जमत आणि प्रत्येकजण आपल्या आत्म्याची स्थिती शेजाऱ्यांपुढे मांडत असे. १७७७ साली पांटीकेलिन यांनी या मेळ्यांसाठी संवादरूपाने एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. ते वाचणाऱ्या मराठी माणसाला गोरोबांच्या थापटण्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मात्र कॅथलिक वाचकाला येथे एक भेद जाणवेल. आपण पापनिवेदन धर्मगुरूच्या कानात करतो. सेयाटमध्ये ते शेजाऱ्यांसमोर होई. शेजाऱ्याच्या थापटण्यात अहंकार शिरण्याचा धोका अधिक असतो. आणि ज्या वेल्समध्ये हे मेळे भरत होते, तेथील मूठभर कॅथलिकांना १७९१ पर्यंत उघडपणे मिस्सा साजरी करण्याची कायदेशीर मुभा नव्हती, हेही विसरता येत नाही.

वेल्सच्या त्या काळातील सांस्कृतिक जीवनाचा दुसराही चेहरा आहे. लंडनमधील वेल्श मंडळींनी १७५१ साली संस्था काढली. १७९२ साली योलो मोर्गानुग या कवीने लंडनच्या एका टेकडीवर प्राचीन म्हणून ‘कवींची सभा’ भरवली. ती प्राचीन नव्हतीच. विधी त्याने स्वतः रचला होता, आणि स्वतःच्या कविता त्याने मध्ययुगीन कवीच्या नावावर खपवल्या होत्या. सभा आजही भरते आणि लोकांना प्रिय आहे. तरीही, रंग सुरेख म्हणून मडके पक्के ठरत नाही. याउलट अ‍ॅन ग्रिफिथ्स (१७७६–१८०५) या शेतकरी स्त्रीची गीते टिकली ती तिच्या मोलकरणीच्या स्मरणात. या मोलकरणीने ती पाठ ठेवली आणि पुढे कागदावर उतरवली गेली. आपल्या जनाबाईची सहज आठवण व्हावी, असाच हा प्रसंग.

आता गोरोबांच्या पहिल्या कथेकडे वळू. महिपतींची ओवी येथे वेगवान आणि चित्रमय आहे; परंतु माझा आक्षेपही येथेच आहे. मूल गेल्यावर आई आक्रोश करते, पतीला दोष देते. तो रागाने तिच्यावर धावून जातो, तेव्हा ती विठोबाची आण घालते, आणि गोरोबा ती आण अक्षरशः पाळतात. पुढे ती मोडली जाते तेव्हा ते स्वतःचे हातच तोडून घेतात. अखेरीस पंढरीच्या कीर्तनात हात परत येतात, मूलही परत येते. चमत्काराने कथा मिटते. आईचा प्रश्न मात्र मिटत नाही. बायबलातील ईयोबाला पुन्हा मुले झाली, म्हणून आधीच्या मुलांचे दुःख पुसले गेले असे कोणती आई म्हणेल? महिपती पतीची भक्ती अनेक ओव्यांतून रंगवतात, पण त्या स्त्रीला आपले मन पूर्णपणे उघड करू देत नाहीत.

पांटीकेलिन यांनी त्याच १७७७ साली विवाहाविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातील संवाद मार्था आणि मेरी या दोन स्त्रियांमध्ये आहे. शुभवर्तमानातून आपल्या ओळखीची ही नावे. कवित्वात महिपती उणे नाहीत. पण घराच्या प्रश्नावर स्त्रीला बोलते करण्याची ही सूझ त्यांच्या या आख्यानात नाही, हे मान्य करावे लागेल.

आणि तरीही, कदाचित न कळत, महिपतींनी त्याहून मोठे काहीतरी लिहून ठेवले आहे. संतांची मडकी पारखण्याचा अधिकार गोरोबांना कोठून मिळाला? वयाने ते वडील होते, असे परंपरा सांगते. मला दुसरे कारण दिसते. गोरोबांच्या डोक्यावर पहिले थापटणे त्यांच्या पत्नीने मारले होते. तिच्या आणेने त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांनी ती मान खाली घालून स्वीकारली. जो घरच्या आव्यात भाजून निघाला, त्यालाच बाहेरची मडकी पारखता आली. दुसऱ्या कथेतील अधिकार असा पहिल्या कथेतील दुःखातून आलेला आहे.

ओवी आपल्यालाही परकी नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ सालीच ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले. पुढे १९६२–६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मातृभाषा आपल्या वेदीपर्यंत आली. आज आपल्या धर्मग्रामात घरोघरी प्रार्थनासभा भरतात, गीते रंगतात, ही आनंदाचीच गोष्ट. त्या सभेत आपण शेजाऱ्याचे मडके जरूर पारखावे. फक्त त्याआधी, आपल्याच स्वयंपाकघरातून कोणी घातलेली आण आपण ऐकली आहे का, एवढे स्वतःला विचारून घ्यावे.