यंत्राची साक्ष

हॅम्पशर परगण्यातल्या साउथ वॉर्नबरो या खेड्यात जो हॅमिल्टन ही बाई किराणा दुकान आणि त्याला जोडलेले पोस्ट चालवते. हिशेबाला बसल्यावर मेळ लागत नाही. संगणक तूट दाखवतो. ती मदतकेंद्राला फोन लावते, पलीकडचा आवाज सांगेल तशा कळा दाबत जाते आणि तिच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट होते. असा त्रास दुसऱ्या कोणालाच होत नाही, असे तिला वर ऐकवले जाते.

‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ या चार भागांच्या मालिकेतला हा प्रसंग आहे. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर १ ते ४ जानेवारी २०२४ या सलग चार रात्री ती दाखवली गेली. लेखन ग्विनेथ ह्यूज यांचे; ॲलन बेट्स यांची भूमिका टोबी जोन्स यांनी केली आहे. मी ती दोनदा पाहिली. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्यांदा पाहिली ती न्यायमूर्ती फ्रेझर यांचा २०१९चा निकाल वाचून झाल्यावर, आणि तेव्हा मात्र अस्वस्थ झालो. या मालिकेने ब्रिटनला जागे केले हे खरे आहे. पण ज्या आरोपीकडे बोट दाखवायला हवे होते, तो तिच्या चौकटीबाहेरच राहिला आहे, असे माझे मत झाले.

आधी प्रकरण थोडक्यात सांगतो. ब्रिटनमधली बहुसंख्य छोटी पोस्टे सबपोस्टमास्तर चालवतात. ते नोकर नसून कंत्राटदार असतात. बरेच जण आपली पुंजी घालून दुकानासह पोस्ट घेतात. १९९९पासून या पोस्टांत ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली बसवण्यात आली. ती फुजित्सू समूहातल्या कंपनीने बनवली होती. करारानुसार सबपोस्टमास्तरने स्वतःच्या निष्काळजीपणाने किंवा चुकीने आलेली तूट भरून द्यायची होती. पोस्ट ऑफिसने त्याचा अर्थ असा लावला की, होरायझन दाखवील ती प्रत्येक तूट सबपोस्टमास्तरचे देणे. देणे फेडले नाही तर खटला, आणि तोही पोलिसांकडे न जाता पोस्ट ऑफिसनेच चालवायचा. १९९९ ते २०१५ या काळात पोस्ट ऑफिसने स्वतः सुमारे ७०० जणांना दोषी ठरवून घेतले. इतर यंत्रणांनी चालवलेले खटले धरले तर आकडा ९००च्या पुढे जातो. घरे गेली, संसार मोडले, काही जण तुरुंगात गेले. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाच्या जुलै २०२५च्या पहिल्या खंडात किमान १३ आत्महत्यांचा संबंध या प्रकरणाशी असू शकतो, अशी नोंद आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी ही आपली म्हण इथे अपुरी पडते, कारण कितीतरी खटल्यांत चोर नव्हताच. चोरीही झालेली नव्हती. होता तो फक्त पडद्यावरचा आकडा.

मालिकेचे श्रेय मोठे आहे. ‘कॉम्प्युटर वीकली’ने सात सबपोस्टमास्तरांची कहाणी मे २००९मध्येच छापली होती. डिसेंबर २०१९मध्ये उच्च न्यायालयाने होरायझनचे दोष नावानिशी नोंदवले. एप्रिल २०२१मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा एकाच दिवशी रद्द केल्या. तरीही सर्वसामान्य ब्रिटिश माणूस हलला नव्हता. चार रात्रींनी तो हलला. १० जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी सरसकट निर्दोषत्वाच्या कायद्याची घोषणा केली आणि मे महिन्यात तो संमतही झाला. निकालपत्राला न जमलेले काम एका मालिकेने केले, याचे कारण तिच्या संयमात आहे. बेट्स कुठे गर्जना करत नाही. फेनी कॉम्प्टन गावाच्या सभागृहात माणसे एकेक करून येऊन बसतात, आणि मदतकेंद्राने प्रत्येकाला ‘तुम्ही एकटेच’ असे सांगितल्याचे त्यांना कळते. कित्येक वर्षांचा एकटेपणा त्या प्रसंगात गळून पडतो.

पण याच बांधणीत मालिकेची मर्यादा आहे. साध्या माणसाच्या लढ्याला समोर खलनायक लागतो. तो प्रमुख अधिकारी पॉला व्हेनेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या रूपाने मिळतो. व्हेनेल्स यांनी मालिकेनंतर आपला सरकारी किताब परत केला आणि प्रेक्षकांना न्याय झाल्यासारखे वाटले. माझा प्रश्न वेगळा आहे. शेकडो खटल्यांतले न्यायाधीश आणि ज्यूरीतले नागरिक तर दुष्ट नव्हते. मग त्यांनी या माणसांना दोषी का ठरवले?

उत्तर पुराव्याच्या कायद्यात आहे, आणि मालिकेच्या कथानकात त्याला जागा मिळालेली नाही. इंग्लंडच्या १९८४च्या एका कायद्यात कलम ६९ होते. फौजदारी खटल्यात संगणकाची नोंद पुरावा म्हणून आणायची, तर तो संगणक नीट चालत होता हे आणणाऱ्याने दाखवावे, असे ते सांगत होते. कलम जाचक ठरते म्हणून लॉ कमिशनने १९९७मध्ये ते काढण्याची शिफारस केली, १९९९मध्ये ते रद्द झाले आणि एप्रिल २०००पासून त्याचा अंमल संपला. त्यानंतर गृहीतक उरले ते असे : उलट पुरावा येईपर्यंत यंत्र नीट चालते असे मानावे. नेमक्या याच सुमारास होरायझन गावोगाव बसत होते. यंत्र खरे बोलते ही श्रद्धा कायदा झाली, आणि उलट पुरावा सापडण्याची एकमेव जागा, म्हणजे यंत्राच्या आतल्या नोंदी, फिर्यादीच्या ताब्यात होती.

याचा अर्थ काय होतो, हे सीमा मिश्रा यांच्या खटल्यात दिसते. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीट इथे पोस्ट चालवणाऱ्या या भारतीय वंशाच्या बाईंवर सुमारे ७४ हजार पौंडांच्या चोरीचा आरोप होता. त्यांच्या बाजूने तज्ज्ञ उभा होता. त्याने नोंदी पुन्हा पुन्हा मागितल्या. होरायझनमधला जमा आणि खर्च यांचा मेळ बिघडवणारा एक दोष त्याच दिवसांत फुजित्सूला आणि पोस्ट ऑफिसला माहीत झालेला होता. ज्यूरीपुढे तो आला नाही. नोव्हेंबर २०१०मध्ये गरोदर असताना त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. जो हॅमिल्टनची गोष्ट याचीच दुसरी बाजू आहे. खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल कर, पैसे भर आणि होरायझनला दोष देऊ नकोस, म्हणजे चोरीचा आरोप मागे घेऊ, अशी सौदेबाजी तिच्याशी झाली.

म्हणून मला फ्रेझर यांचा निकाल मालिकेपेक्षा अधिक भेदक वाटतो. तो वाचायला रूक्ष आहे, पण दोषांकडे तो एकेक करून बघतो. स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनचे उदाहरण घ्या. ८,००० पौंडांची रोकड एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात पाठवल्याची नोंद करताना पडदा अडकला. प्रत्येक वेळी कळ दाबताच तीच नोंद पुन्हा झाली. चार नोंदी झाल्या आणि कागदावर २४,००० पौंडांची तफावत उभी राहिली. फुजित्सूची माणसे दुरून, सबपोस्टमास्तरला न कळता, त्याच्या हिशेबात बदल करू शकत होती, हेही निकालाने मान्य केले. हे कळल्यावर व्हेनेल्स बाजूला सरकतात आणि त्यांच्यामागची व्यवस्था दिसू लागते. अधिकारी बदलता येतात. गृहीतक मात्र आहे तिथेच राहते. ब्रिटिश सरकारने त्याच्या फेरविचारासाठी मते मागवली ती जानेवारी २०२५मध्ये.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २००० साली आपल्या पुरावा कायद्यात कलम ६५ब आले. त्याचा साचा इंग्लंडच्या १९६८च्या दिवाणी पुरावा कायद्यातून घेतलेला होता, आणि ती तरतूद इंग्लंडने १९९५मध्येच टाकून दिली होती. संगणक नीट चालत होता अशा अर्थाचे प्रमाणपत्र आपण मागत राहिलो. या कलमाची मोठी कसोटी महाराष्ट्रातच लागली. जालना मतदारसंघातल्या २०१४च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रफितींवरून ठरवायचे होते आणि अधिकारी प्रमाणपत्र देत नव्हते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३मध्ये त्याला तज्ज्ञाच्या सहीची आणि हॅश मूल्याची जोड मिळाली आहे.

इंग्लंडपेक्षा आपण सावध आहोत, असे यावरून म्हणावेसे वाटते. मला तसे समाधान वाटत नाही. नोंद केल्यानंतर तिच्यात फेरफार झाला नाही, एवढेच हॅश मूल्य सांगते. मुळात ती नोंद बरोबर होती की नाही, हे त्याला ठाऊक नसते. डॅलमेलिंग्टनच्या त्या चार नोंदींनाही हॅश मूल्य बिनचूक मिळाले असते. शिवाय बहुतेक वेळा प्रमाणपत्राची पहिली सही यंत्राच्या मालकाचीच असते.

जुन्या रोजमेळात खाडाखोड दिसत असे. आकडा कोणी बदलला, कोणत्या शाईने बदलला, हे मालकाइतकेच दिवाणजीलाही कळे. वही दोघांसमोर उघडी असे. आज ग्रामीण डाकसेवकाच्या हातात यंत्र आहे, रेशन दुकानदाराच्या टेबलावर यंत्र आहे, बँकमित्राच्या पिशवीत यंत्र आहे. उद्या त्यांच्यापैकी कोणाच्या पडद्यावर तूट दिसली, तर यंत्राच्या आतली वही त्याला उघडून दाखवण्याची जबाबदारी कोणाची? बेट्स यांची मालिका या प्रश्नाच्या दारापर्यंत आणून सोडते. दार ढकलण्याचे काम आपले, आणि ते खटला उभा राहण्याआधी करायचे आहे.