पडद्यावरचा सूर्य आणि पडद्यावरचा दिवा

मोशीच्या एखाद्या शाळेच्या पटांगणात एक मीटर उंचीची काठी उभी करा. २२ डिसेंबरला, सूर्य माथ्याच्या रेषेवर आला असता, तिची सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरेल. मोशीचा अक्षांश १८.७ अंश उत्तर. तेव्हा सूर्याची उंची ९० वजा १८.७ वजा २३.४, म्हणजे जवळजवळ ४८ अंश. मेच्या मध्यास मात्र हीच सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते. हा पाठ संगणकाच्या गेम इंजिनात दाखवता येईल काय, हे तपासण्यासाठी आम्ही 'गोडो' हे इंजिन निवडले. २०१४ पासून ते सर्वांसाठी खुले आणि विनामूल्य आहे.

सूर्याच्या परीक्षेत ते चांगल्या गुणांनी पास झाले. यातला 'डिरेक्शनल लाइट' दृश्यात कुठेही ठेवा, सावली बदलत नाही; बदलते ती त्याचा कल बदलल्यावर. "सर, सूर्य जमिनीखाली ठेवला तरी ऊन पडतंय!" असे मुले ओरडतात. हा दोष नव्हे. पंधरा कोटी किलोमीटरवरून येणारे किरण समांतर मानायचे, हे आपणही फळ्यावर करतोच. कल ४८ अंश केला, सावलीचे बटण दाबले, की सावली काठीच्या नऊ दशांश पडते.

खोलीतल्या बल्बाची गोष्ट वेगळी. 'ओम्नी लाइट' लावला की भिंतीपलीकडच्या खोलीतही उजेड! कारण सावलीचे बटण मुळात बंद असते. प्रत्येक दिव्याची सावली काढायची तर दिव्याच्या जागेवरून सारे दृश्य पुन्हा तपासावे लागते आणि खेळ मंदावतो. ही काटकसर आम्हांला समजते. पण पुढचे खटकते. बल्बापासूनचे अंतर दुप्पट केले तर उजेड चौथाई व्हायला हवा. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत दिवा जसा मिळतो तसाच वापरला तर हिशोबात तो एक मीटरच्या मानाने दोन मीटरवर जवळजवळ निम्मा राहतो, आणि पाच मीटरवर ठार काळोख. उजेडाच्या आकड्याला नेहमीच्या मांडणीत वॅट नाही की ल्युमेन नाही! 'बरे दिसेपर्यंत वाढवा' हा सल्ला खेळ रचणाऱ्याला पुरतो, विज्ञानाच्या तासाला नाही.

सुदैवाने दुरुस्ती अवघड नाही. 'अ‍ॅटेन्युएशन' १ ऐवजी २ करा, 'रेंज' ५ ऐवजी ५० करा, सावली चालू करा; व्यस्त वर्गाचा नियम बऱ्यापैकी पाळला जातो. लाल भिंतीची लाली मात्र जमिनीवर अशाने उतरत नाही. परावर्तित प्रकाशाची सोय वेगळी करावी लागते, आणि तिचे काही प्रकार जुन्या संगणकाला झेपणारे नाहीत.

आम्ही तरी आधी अंधाऱ्या वर्गात साधा बल्ब लावून मोबाइलच्या प्रकाशमापकाने एक, दोन व तीन मीटरवरचे आकडे घेऊ, आणि मगच मुलांना संगणकासमोर बसवू.