केन्पोच्या वंशवृक्षातली गाळलेली नावे

केन्पो या युद्धकलेच्या बऱ्याच वर्गांत भिंतीवर एक वंशवृक्ष टांगलेला असतो. सर्वांत वर दाढीवाला बोधिधर्म, त्याच्याखाली शाओलिन मठ, मग सुमारे चौदाशे वर्षे ओलांडून जाणारी एक सरळ रेघ आणि तिच्या टोकाला एकदम विसाव्या शतकातली हवाई बेटे : जेम्स मितोसे, विल्यम चाउ, एड पार्कर. अलीकडे केन्पोवर जे लिहिले आणि चित्रित केले जाते, त्यातही हीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवलेली दिसते. चित्रफितींचे छायाचित्रण सुधारले, निवेदन भारदस्त झाले. इतिहास मात्र तसूभरही पुढे सरकला नाही.

बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्षूंना युद्धकला शिकवली, या कथेला सतराव्या शतकापूर्वीचा आधार नाही. चिनी इतिहासकार तांग हाओ यांनी १९३०च्या सुमारासच तिचा फोलपणा दाखवून दिला होता. तरीही ती भिंतीवर राहिली, हे एक वेळ समजून घेता येईल. दंतकथा सगळ्याच कलांना असतात. पण या दंतकथेने एक खरी गोष्ट झाकून टाकली आहे. चिनी फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, केन्पोत कधी आले, कुठे आले आणि कोणाच्या हातून आले, हे सांगता येते. ते कॅलिफोर्नियात आले, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आले, आणि ज्यांनी ते आणले त्यांना पाहिलेली, त्यांच्याकडे शिकलेली माणसे आजही आहेत. वंशवृक्षावर जागा नाही ती नेमकी त्यांच्या गुरूंना.

हवाईतल्या केन्पोकडे चिनी फॉर्म जवळजवळ नव्हतेच. मितोसे यांनी १९४२ मध्ये होनोलुलूत स्वसंरक्षणाचा वर्ग काढला. त्यांच्या शिकवण्यात जो काता येतो तो नाइहान्ची, म्हणजे ओकिनावाचा. त्यांच्याकडून पुढे आलेले विल्यम चाउ हे चिनी बापाचे आणि हवाईयन आईचे पुत्र. पण त्यांचा सारा भर प्रत्यक्ष मारामारीवर होता, फॉर्मचे त्यांना फारसे अप्रूप नव्हते. त्यांचा शिष्य एड पार्कर युटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकायला मुख्य भूमीवर आला आणि १९५६ मध्ये त्याने पॅसडेनात वर्ग उघडला. त्या वेळी त्याच्या शिदोरीत डावपेच भरपूर होते आणि फॉर्म जेमतेम. १९६०चे त्याचे पहिले पुस्तक, ‘केन्पो कराटे’, हवाईच्या वळणाचे आहे. तीनच वर्षांनी, १९६३ मध्ये, आलेल्या दुसऱ्या पुस्तकाचे नाव ‘सिक्रेट्स ऑफ चायनीज कराटे’. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून चाळली तरी कळते, की मधल्या तीन वर्षांत या माणसाच्या हालचालींत मोठी उलथापालथ झाली आहे.

ती उलथापालथ चायनाटाउनमध्ये झाली. लॉस एंजेलिसला आर्क युई वाँग होते. सॅन फ्रान्सिस्कोत लाऊ बन आणि टी. वाय. वाँग होते. १८८२ ते १९४३ अशी एकसष्ट वर्षे चिनी माणसाला कायद्याने दारात उभे न करणाऱ्या देशात या गुरूंनी आपली विद्या आपल्या लोकांपुरती राखली असेल, तर त्यांना बोल कोण लावणार? पार्करला त्या दारांतून आत जाता आले. आणि खुद्द पॅसडेनात त्याच्या शेजारी उभे राहून शिकवायला आले ते जेम्स विंग वू.

केन्पोच्या बाहेर हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही आणि आतही ते दबक्या आवाजात घेतले जाते. ‘टायगर अँड क्रेन’, ‘बुक सेट’ आणि दोघांनी मिळून करायचा ‘टू मॅन सेट’ ही केन्पोतली चिनी मिळकत वू यांच्याकडून आली. पुढे पार्कर आणि वू यांचे बिनसले, वू वेगळे झाले, काही शिष्य त्यांच्याबरोबर गेले, आणि हॉलिवूडमध्ये त्यांनी अनेक दशके स्वतंत्रपणे शिकवले. संबंध तुटले; फॉर्म मागे राहिले, पण ते उभे करणारा माणूस गेला होता.

त्यांतला ‘टायगर अँड क्रेन’ जवळून पाहण्यासारखा आहे. मूळ फॉर्म दक्षिण चीनच्या हुंग गार परंपरेतला. वाँग फेइ-हुंग यांच्या घराण्यात तो वाढला आणि त्यांचे शिष्य लाम साई-विंग यांनी तो पुस्तकरूपाने छापला. सुरुवातीलाच साधक घोड्याच्या पवित्र्यात खाली बसतो. मांड्या जवळजवळ जमिनीला समांतर. मग तर्जनी उभी ठेवून, बाकीची बोटे आवळून, हात छातीपासून पुढे ढकलायचे. घाई नाही, इंच-इंच. श्वास दाबून सोडायचा, खांदे खाली, कोपर आत. असे तीनदा. बघणाऱ्याला वाटते, काहीच घडत नाही. करणाऱ्याच्या मांड्या थरथरायला लागलेल्या असतात आणि पाठीवरून घाम निथळत असतो. यानंतर वाघाचा पंजा येतो, त्यानंतर क्रौंचाची चोच आणि पंख. पंजात जो जोर दिसतो तो त्या सुरुवातीच्या संथ ढकलण्यातून कमावलेला असतो. सुरुवात गाळून नुसता पंजा शिकवला, तर उरतो तो बोटांचा आकार.

केन्पोत नेमके हेच झाले. पार्करने हळूहळू हे सेट अभ्यासक्रमातून बाजूला सारले आणि स्वतःचे फॉर्म रचले. ते सामान्य नाहीत. ‘शॉर्ट फॉर्म वन’मध्ये विद्यार्थी एकेक पाऊल मागे घेत आतला, बाहेरचा, वरचा, खालचा असे चार ब्लॉक दोन्ही हातांनी करतो, हल्ल्यापासून मागे हटणे हा त्याचा पहिला धडा. ‘लाँग फॉर्म वन’मध्ये त्याच ब्लॉकांना प्रतिहल्ला जोडला जातो आणि कमरेचा पीळ कळतो. दुसऱ्या फॉर्मच्या जोडीत पाऊल पुढे पडते. तिसऱ्यापासून प्रत्यक्ष डावपेच गुंफले जातात आणि सातव्या-आठव्यात हातात दोन दंडुके, दोन सुरे येतात. इतकी चोख, टप्प्याटप्प्याची मांडणी अमेरिकेत त्याआधी कोणी केली नव्हती. हात न थांबता एका प्रहारातून दुसऱ्यात वाहत जाणे, मोकळा हात प्रतिस्पर्ध्याच्या हातावर नजर ठेवून असणे, या चिनी गुणांचा पार्करने खरोखर अंगीकार केला. ‘फाइव्ह स्वोर्ड्स’ हा डाव चांगल्या माणसाने करताना पाहावा : मानेवर हाताची कड, चेहऱ्यावर तळवा, पोटात ठोसा, पुन्हा मानेवर कड, आणि मध्ये कुठे श्वासाएवढीही फट नाही.

मग तक्रार कसली? पार्कर हालचालींना अक्षरे मानत असे. अक्षरांचे शब्द, शब्दांची वाक्ये. या विचारात फॉर्म म्हणजे साठवणीचे कोठार झाला. त्यात डाव असतात, डावांची उलट बाजू असते, कोन असतात. शरीर घडवणे हे त्याचे काम राहिले नाही. म्हणून पार्करच्या पद्धतीत प्राणी उरले ते डावांच्या नावांत : ‘अनफर्लिंग क्रेन’, ‘प्रान्स ऑफ द टायगर’. अंगातून ते निघून गेले.

शाओलिनचे नाव लावून देखणे, पोकळ फॉर्म विकणाऱ्या शाखांबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. संगीताच्या तालावर कोलांट्या मारत केल्या जाणाऱ्या स्पर्धेतल्या फॉर्मबद्दलही नाही. सो दोशिन यांनी १९४७ मध्ये जपानात उभे केलेले शोरिन्जी केम्पो ही प्रामाणिक पण निराळीच वाट आहे. ट्रेसी बंधूंच्या परंपरेने मात्र पार्करपासून फुटूनही ‘टायगर अँड क्रेन’ आणि ‘बुक सेट’ टाकले नाहीत. त्यांच्या अभ्यासक्रमाच्या अवाढव्य पसाऱ्याबद्दल कितीही आक्षेप असोत, हे ऋण मान्य करावेच लागते. आज एखादा ज्येष्ठ शिक्षक हा फॉर्म जुन्या ढंगाने करताना दिसतो, तेव्हा तो बहुधा याच परंपरेतला किंवा वू यांच्याकडे शिकलेला असतो.

चिनी फॉर्म आत्मसात करणे म्हणजे काय, याचा दाखला ओकिनावाने कधीच देऊन ठेवला आहे. कानबुन उएची १८९७ मध्ये चीनमधल्या फुजोला गेले आणि सांचिन हा फॉर्म घेऊन परतले. कानऱ्यो हिगाओन्ना त्याही आधी गेले होते. त्यांच्या परंपरेत उघडा तळवा मिटून मूठ झाला, श्वास बदलला, आणि चोजुन मियागी यांनी त्यावर गोजू-र्‍यू उभे केले. फॉर्म बदलला, पण पिढ्यानपिढ्या त्याच फॉर्ममध्ये उभे राहून बदलला. मुंबई-पुण्यात गोजू-र्‍यू शिकणारी मुले आजही सांचिन घोटतात, तेव्हा फुजोपासूनची ती साखळी अखंड असते. कॅलिफोर्नियात काही वर्षांत सेट आले, त्यांतले डाव वेचले गेले आणि सेट बाजूला पडले. पहिल्याला आत्मसात करणे म्हणावे. दुसऱ्याला वेचणी म्हणावे.

‘रस्त्यावरच्या मारामारीत घोड्याच्या पवित्र्यात कोण बसतो?’ हा यावरचा ठरलेला सवाल. तो फॉर्म न समजल्याचे लक्षण आहे. पवित्रा मारामारीत बसण्यासाठी नसतो. मारामारीत पाय जमिनीवर टिकावेत म्हणून आधी महिनोन्‌महिने बसायचे असते. आजच्या केन्पोवर एक आक्षेप सतत घेतला जातो : हात विजेसारखे चालतात, पण प्रहारामागे अंगाचे वजन नसते. तो आक्षेप बहुतांशी खरा आहे, आणि त्याचे उत्तर ज्या सेटमध्ये होते तेच अभ्यासक्रमातून काढले गेले. ब्रूस लीने पोथीबद्ध फॉर्मवर झोड उठवली, त्याचा हवाला देणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की १९६४ मध्ये लाँग बीचला पार्करच्या स्पर्धेत प्रात्यक्षिक दाखवणारा ब्रूस ली विंग चुनच्या फॉर्मवर घडलेला होता. पायऱ्या चढून गेल्यावरच त्याने जिना नाकारला.

वेळ नसतो, विद्यार्थी टिकत नाहीत, पट्टे वेळेवर द्यावे लागतात, या अडचणी खऱ्या आहेत. पण ज्या पद्धतीला शेकडो डाव शिकवायला वेळ मिळतो, तिला एका फॉर्मसाठी वेळ मिळत नाही, हे पटण्यासारखे नाही.

केन्पोच्या संघटनांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत ‘टायगर अँड क्रेन’ संपूर्ण, त्याच्या संथ सुरुवातीसह, सक्तीचा करावा; आणि तो शिकवण्याआधी शिक्षकांनी हुंग गारच्या जाणत्या गुरूकडे निदान वर्षभर जाऊन बसावे. दुसरे, भिंतीवरचा वंशवृक्ष उतरवून नव्याने लिहावा. त्यात आर्क युई वाँग, लाऊ बन, टी. वाय. वाँग ही नावे यावीत, आणि एड पार्करच्या शेजारी, त्याच ओळीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, जेम्स विंग वू हे नाव यावे.