सबळ नायिकेची उणीव : सत्यवती, मित्रो आणि बेणारे

सबळ नायिकेच्या उणिवांचा विचार समीक्षेत बहुधा दोन प्रकारे होतो. व्यक्तिरेखा जिवंत वाटावी म्हणून लेखकाने ठेवलेली ती छटा आहे असे मानले जाते. नाहीतर रूढ व्यवस्थेपुढे लेखकाने घेतलेली ती माघार ठरते. दोन्ही वाचनांत उणीव ही बळाच्या बाहेरची गोष्ट असते. साठच्या दशकातील बंगाली, हिंदी व मराठी या तीन भाषांतील नायिका एकत्र पाहिल्या, तर हे गृहीतक टिकत नाही.

आशापूर्णा देवींच्या ‘प्रथम प्रतिश्रुति’ (१९६४) या कादंबरीतील सत्यवतीचे सामर्थ्य तिच्या तडजोड न करणाऱ्या न्यायबुद्धीत आहे. तिच्या अपरोक्ष सासू एलोकेशी नऊ वर्षांच्या सुवर्णाचे लग्न उरकून टाकते, तेव्हा सत्यवती संसार सोडून काशीला जाते. या कादंबरीपुरता हा निषेधाचा सर्वोच्च क्षण होय, आणि तिच्या गौरवपर समीक्षा येथेच थांबतात. ‘सुवर्णलता’ (१९६७) ही पुढील कादंबरी मात्र त्याच निर्णयाचा हिशेब मुलीच्या बाजूने मांडते. अन्याय सहन न करणारी आई निघून गेली. जिच्यावर अन्याय झाला ती सासरीच राहिली, आणि आईच्या गृहत्यागाचे टोमणेही तिलाच ऐकावे लागले. सुवर्णाचा तापट स्वभाव, तिचे तिखट बोलणे, नव्या घरातील सज्जाबद्दलच्या पतीच्या शब्दावर तिने ठेवलेला भाबडा विश्वास, घरात थट्टा झाल्यावर स्वतःच्या छापील पुस्तकाच्या प्रती जाळणे, या साऱ्यांकडे केवळ स्वभावदोष म्हणून पाहता येत नाही. आईचा ताठ बाणा तिला वारशाने मिळाला. बाहेर पडण्याची वाट तेवढी मिळाली नाही. सत्यवतीची उणीव तिच्या निष्ठेहून वेगळी काढता येत नाही, हे पहिल्या कादंबरीने झाकलेले सत्य दुसरीने उघड केले आहे.

कृष्णा सोबती यांच्या ‘मित्रो मरजानी’मध्येही निर्णायक प्रसंग आईच्याच घरी घडतो. देहाची भूक निःसंकोच बोलून दाखवणारी मित्रो अखेरीस पतीकडे वळते, ही अनेकांना लेखिकेची माघार वाटली आहे. परंतु तिला परतवणारी शक्ती कुलमर्यादेची नव्हे; वय उतरलेल्या आईचे रितेपण तिने जवळून पाहिले आहे. कोणालाही न भिणारी मित्रो भिते ती स्वतःच्या उद्याला. हे भय उसने आणलेले नसल्यामुळेच शेवट, काहीसा घाईचा असूनही, पटतो.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (रंगमंचावर १९६७) मधील लीला बेणारे सत्यवतीच्या नेमकी उलट वागते. सहकाऱ्यांची टर उडवणारी ही शिक्षिका होणाऱ्या मुलाला बाप हवा म्हणून पोंक्षे आणि रोकडे यांच्यापुढे याचना करते. सत्यवतीने तत्त्व राखले आणि मूल मागे राहिले. बेणारे मुलासाठी मान खाली घालते, आणि तिची हीच याचना पुढे साक्ष म्हणून तिच्याविरुद्ध वापरली जाते. सामर्थ्य आणि दौर्बल्य यांच्यातील सीमारेषा येथे पुसली जाते. तिचे दीर्घ स्वगत तर कोणाला ऐकूच जात नाही. निकाल लागतो तो पोटातील गर्भ नष्ट करण्याचा. खेळ संपवून मंडळी निघू लागतात. निश्चल पडलेल्या बेणारेजवळ सामंत हिरवा कापडी पोपट ठेवतो.