परदेशस्थ लेखकनिवास आणि द्वैभाषिक कवी : दिलीप चित्रे यांच्या संदर्भात

प्रास्ताविक :
साठोत्तरी मराठी साहित्यातील अनेक लेखकांचा परदेशाशी संबंध आला. मात्र निवासी लेखक म्हणून परभूमीवर राहण्याचा लेखनावर कोणता परिणाम होतो, या प्रश्नाकडे मराठी समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. अशा निवासाची नोंद बहुधा लेखकाच्या परिचयात सन्मान म्हणून होते आणि तेथेच थांबते. प्रस्तुत लेखात दिलीप चित्रे (१९३८-२००९) यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

आयोवा : स्वरूप व मर्यादा
अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पॉल एंगल व न्ये ह्वालिंग या लेखक दांपत्याने १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रम सुरू केला. निरनिराळ्या देशांतील लेखकांना काही काळ एकत्र राहता यावे, लिहिता यावे आणि परस्परांचे साहित्य समजून घेता यावे, हे त्याचे स्वरूप आहे. ओरहान पामुक, मो यान यांच्यासारखे पुढे नोबेल पुरस्कार मिळवणारे लेखकही तेथे राहून गेले. असा पाहुणचार सर्वस्वी निरपेक्ष मात्र नसतो. हा उपक्रम शीतयुद्धाच्या काळात उभा राहिला. २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्याचे अनुदान थांबवले, तेव्हा लेखकाला मिळणारे स्वातंत्र्य राजकीय धोरणावर किती अवलंबून असते, हेही स्पष्ट झाले. याशिवाय तेथील व्यवहाराची भाषा इंग्रजी आहे. परिणामी मराठी लेखकाला स्वतःच्या साहित्याची ओळख अनुवादातूनच करून द्यावी लागते.

चित्रे यांचा प्रवास :
चित्रे १९७५ ते १९७७ या काळात आयोवा येथे होते. परदेश त्यांना नवा नव्हता. १९६० नंतरची काही वर्षे त्यांनी इथिओपियात अध्यापन केले होते आणि त्या अनुभवावर आधारित 'शिबा राणीच्या शोधात' हे प्रवासवर्णन मराठीत लिहिले होते. आयोवानंतर १९८० मध्ये 'ट्रॅव्हलिंग इन अ केज' हा त्यांचा इंग्रजी कवितासंग्रह प्रकाशित झाला. इथिओपियाचा अनुभव मराठी गद्यात येतो, तर अमेरिकेतील वास्तव्यानंतर इंग्रजी कवितेचा संग्रह येतो. हा फरक लक्षणीय आहे. मात्र त्यावरून चित्रे मराठीपासून दुरावले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पिंजऱ्यासह प्रवास करणारा माणूस जागा बदलतो, पण त्याचे बंधन सुटत नाही. शीर्षकातील ही प्रतिमा निवासी लेखकाच्या स्थितीला नेमकी लागू पडते.

या संग्रहातील 'फादर रिटर्निंग होम' ही कविता या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिच्यात परदेशातील दृश्य नाही. तिच्यात संध्याकाळी उशिरा उपनगरी गाडीने घरी परतणारा वृद्ध पिता आहे. शिळी पोळी, पातळ चहा आणि मुलांचा अबोला एवढेच त्याच्या वाट्याला आले आहे. स्वतःच्या घरात परका झालेला हा पिता अखेरीस उपखंडात आलेल्या भटक्या पूर्वजांचा विचार करतो. म्हणजेच परात्मता हा केवळ परदेशी गेलेल्याचा अनुभव नाही, तो घरी परतणाऱ्याचाही आहे. परभूमीवरील निवासाशी निगडित काळाच्या या संग्रहात सर्वाधिक स्मरणात राहिलेली कविता घरासंबंधीची असावी, ही बाब बोलकी आहे. निवासाचे फलित तेथील वर्णनात शोधण्यापेक्षा आपल्या परिसराकडे पाहण्याच्या बदललेल्या दृष्टीत शोधणे अधिक योग्य होय.

याच दृष्टीने तुकारामांच्या अभंगांचे त्यांनी केलेले इंग्रजी अनुवाद पाहता येतात. 'सेज तुका' १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९१-९२ मध्ये चित्रे जर्मनीतील हायडेलबर्ग व बाम्बर्ग येथे निवासी लेखक होते. त्यांपैकी हायडेलबर्ग येथे गुंथर सोन्थायमर यांच्यामुळे महाराष्ट्राच्या लोकधर्माच्या अभ्यासाची परंपरा होती. अनुवादाची जी सक्ती आयोवात मर्यादा वाटू शकते, तीच येथे कर्तव्य ठरते. १९९४ मध्ये 'एकूण कविता-१' आणि 'सेज तुका' या दोहोंना साहित्य अकादमीचे सन्मान लाभले. एकाच वर्षी मूळ मराठी लेखन आणि अनुवाद यांचा झालेला हा गौरव त्यांच्या द्वैभाषिकतेचे स्वरूप स्पष्ट करतो.

समारोप :
महाविद्यालयीन अभ्यासक्रमात मात्र हा कवी विभागला गेला आहे. त्यांची इंग्रजी कविता इंग्रजी विभागाकडे, मराठी कविता मराठी विभागाकडे आणि अनुवाद बहुधा कोणाकडेच नाही. त्यामुळे आयोवा व हायडेलबर्ग येथील वास्तव्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी कोणताच विभाग घेत नाही. परदेशी निवासाने लेखकाला काय मिळाले, एवढेच विचारून भागणार नाही. तो परत काय घेऊन आला आणि ते वाचण्याची आपली तयारी आहे काय, हाही प्रश्न विचारावा लागेल. दोन्ही विभागांनी चित्रे एकत्र शिकवले, तरच या प्रश्नाचे उत्तर शोधता येईल.